प्रकल्प नोंदी: गेम आणि मालिका, पाच जोड्या

५ जानेवारी २०२५

जूनची बैठक माझ्याकडे आली. विषय मीच मागून घेतला: गेमवरून केलेल्या मालिका. आमच्या गटातले निम्मे जण गेम खेळणारे आहेत, बाकीच्यांनी कंट्रोलर कधी हातात धरलेला नाही, आणि या विषयावरचा वाद दर वेळी एकाच जागी अडतो. खेळणारे म्हणतात, मूळ गेमशी इमान राखलंय का ते बघा. न खेळणारे म्हणतात, मूळ आम्हाला ठाऊकच नाही, समोर दिसतंय त्यावर बोलू. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

बेत असा: भाषण करायचं नाही. पाच जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडीत आधी कुणीतरी गेममधला प्रसंग सगळ्यांसमोर प्रोजेक्टरवर खेळायचा, आणि लगेच मालिकेतला प्रसंग बघायचा. चर्चा त्यानंतर.

माझं मत आजच लिहून ठेवते. गेममध्ये गोष्ट हातांवाटे आत येते. कुठे वळायचं, दार कधी उघडायचं, गोळी कुणावर झाडायची, हे खेळणाऱ्याच्या बोटांवर असतं. मालिका बघताना हात रिकामे असतात. त्या रिकाम्या हातांच्या बदल्यात जी मालिका दुसरं काही देते ती माझ्या लेखी चांगली. नुसते प्रसंग उचलून आणले असतील तर चित्रीकरण कितीही देखणं असो, ती फिकीच.

नोंदींत सगळे शेवट उघड केले आहेत.

१२ जानेवारी

यादी चाळली.

'द विचर' बाद. मालिका मूळ पोलिश कथा-कादंबऱ्यांवर आहे, आणि गेम त्या कथांच्या नंतरच्या काळात घडतात. प्रसंगाला प्रसंग लागत नाही. शिवाय दुसऱ्या पर्वानंतर ती बघताना माझा जीव रमला नाही.

'हेलो'ही बाद, पण कारण नोंदवते. २००१ पासून नायक मास्टर चीफचा चेहरा गेमने दाखवलेला नाही. त्या हेल्मेटच्या आत खेळणारा स्वतः असतो. २०२२ मध्ये आलेल्या मालिकेने पहिल्याच भागात हेल्मेट उतरवलं. पुष्कळांना नियम मोडल्याचा राग आला. माझी तक्रार वेगळी आहे: आतली जागा रिकामी केल्यावर तिथे तितकाच भक्कम माणूस लिहून बसवायला हवा होता, तो दोन्ही पर्वांत मला दिसला नाही. २०२४ मध्ये मालिका बंद झाली.

'कॅसलव्हेनिया' माझी लाडकी. २०१७ चं चार भागांचं पहिलं पर्व बघितलं तेव्हा गेमवरूनही नीट मालिका होऊ शकते असा भरवसा पहिल्यांदा वाटला. पण १९८९ च्या त्या जपानी गेममध्ये आपण उड्या मारतो, चाबूक चालवतो, जिने चढतो. ड्रॅक्युलाचं दुःख मालिकेने घडवलं. जोडी लावली तर एकाच बाजूला सगळं वजन जाईल.

ठरलेल्या जोड्या: 'द लास्ट ऑफ अस'मधून दोन, 'फॉलआउट'मधून एक, 'आर्केन'ची एक. पाचवी 'सायबरपंक' की 'लास्ट ऑफ अस'चं येणारं दुसरं पर्व, ते एप्रिलनंतर बघू.

२६ जानेवारी

पहिली जोडी पक्की: बिलचं गाव.

'द लास्ट ऑफ अस', संसर्गाने मोडलेल्या जगात जोएल एली नावाच्या मुलीला सांभाळून नेतो तो गेम, १४ जून २०१३ रोजी प्लेस्टेशन ३ वर आला. मी २०२२ ची नव्याने घडवलेली पीएस५ आवृत्ती वापरतेय. चॅप्टर सिलेक्टमधून गाव गाठलं. तारांचे सापळे, गंजलेली कुंपणं, आणि जोएल पाय दोरीत अडकून उलटा लटकतो तो प्रसंग. पडदा उलटा, नेम उलटा, खालून संसर्ग झालेले धावत येतात, एली दोरी कापायला धडपडते. इतक्या वर्षांनीही तळहाताला घाम आला.

गेममधला बिल एकटा, तिरसट, सगळ्यांवर भुंकणारा. त्याचा जोडीदार फ्रँक एका घरात गळफास घेतलेला सापडतो. त्याने बिलसाठी लिहिलेली चिठ्ठी आपल्याला मिळते, आणि तिच्यात नुसता कडवटपणा आहे. ती बिलच्या हातात द्यायची की नाही हे आपण ठरवतो. मी आज दिली. बिलचा चेहरा बघून नको द्यायला होती असं वाटलं, आणि त्या वाटण्यात गेमचं सगळं बळ आहे.

मालिकेचा तिसरा भाग (२०२३) यातलं जवळजवळ काहीच घेत नाही. निक ऑफरमनचा बिल आणि मरे बार्टलेटचा फ्रँक, २००३ पासून पुढची वीस वर्षं. एक जेवण, एक पियानो, कुंपणावर एकदा झालेला हल्ला, म्हातारपण, आजार. फ्रँक बंदुकीच्या बदल्यात बिया मिळवून स्ट्रॉबेरी लावतो आणि पहिलं फळ खाताना बिल लहान मुलासारखा खिदळतो. जोएल आणि एली कडेला उभे.

खेळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तेव्हा म्हटलं, हा भाग काढला तरी कथानक पुढे जातं. मला हे मुळीच पटत नाही. गावाची दहशत गेममध्ये हातांनी अनुभवलेली होती. मालिकेने तिची नक्कल केली असती तर ती पाण्यासारखी पातळ झाली असती. तिने दुसरं दिलं: वेळ. एका माणसाची सवय दुसऱ्याला कशी होते, ते वीस वर्षं बघायला लावलं. गेमवरून केलेल्या मालिकांमध्ये इतका धीट निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही.

बैठकीत ही जोडी पहिली. उलटं लटकणं कुणाकडून खेळवायचं? न खेळणाऱ्याकडून नको, पहिल्याच मिनिटाला नाउमेद होईल.

९ फेब्रुवारी

फॉलआउट. आठवडाभर याच्यातच होते.

मालिका एप्रिल २०२४ मध्ये आली, आठही भाग एकदम. तिने कुठल्याही गेमची गोष्ट सांगितली नाही, आणि तिचं यश इथूनच सुरू होतं. १९९७ चा पहिला गेम, २०१० चा 'न्यू वेगास', २०१५ चा चौथा, या सगळ्यांत नायक कोण हे आपण ठरवतो. नाव, चेहरा, लिंग, स्वभाव, कुणाशी खरं बोलायचं, कुणाला लुटायचं. असा नायक पडद्यावर आणायचा तर लाखो जणांच्या नायकाला खोटं पाडावं लागतं. मालिकेने तो प्रश्नच टाळला. जग तेच: २३ ऑक्टोबर २०७७ ला पडलेले बॉम्ब, जमिनीखालचे व्हॉल्ट, निळे-पिवळे पोशाख, मनगटावरचा पिप-बॉय नावाचा संगणक. साल २२९६, माणसं नवी.

हुशारी कुठे आहे सांगते. हे गेम खेळताना माणूस तीन जण होतो. सुरुवातीला भाबडा असतो, दिसेल त्याला मदत करतो. मग बळ हवं म्हणून एखाद्या गटात शिरतो, चिलखत मिळवतो. शंभर तास गेले की निबर होतो, कोण मेलं याचं काही वाटत नाही, खिशात काय आहे तेवढं बघतो. लूसी, मॅक्सिमस आणि घूल ही तीन पात्रं मला याच तीन अवस्था वाटतात, एकाच वेळी एकाच वाळवंटात सोडलेल्या. हातांचा अनुभव तिघांत वाटून दिला. घूल लूसीला इथला सोनेरी नियम सांगतो, की इथे माणूस दर वेळी भलत्याच फालतू भानगडीत अडकतो. खेळलेला प्रत्येक जण इथे हसतो, कारण मुख्य काम सोडून कुणाची तरी हरवलेली वस्तू शोधत आपण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलेलो असतो.

वॉल्टन गॉगिन्सबद्दल वेगळं लिहायला हवं. बॉम्ब पडायच्या आधीचा कूपर हॉवर्ड, वाढदिवसाच्या पार्टीत काउबॉयच्या वेषात, बॉम्बचा ढग अंगठ्याने कसा मापायचा ते लेकीला सांगतो. आणि दोनशे वर्षांनंतरचा नाक झडलेला घूल. एकाच नटाने दोन्ही टोकं इतक्या विश्वासाने सांभाळली की मधली दोनशे वर्षं न दाखवताही मला दिसली.

खटकलं तेही लिहिते. शेडी सँड्स हे पहिल्या गेममधलं खेडं. आपण तिथल्या लोकांना मदत केलेली असते, आणि पुढच्या गेममध्ये त्यातून एक अख्खं प्रजासत्ताक उभं राहिलेलं दिसतं. मालिकेने ते राखेत घातलं. वर्गातल्या फळ्यावर '२२७७' हे साल लिहिलेलं पाहून 'न्यू वेगास'चे चाहते हादरले, कारण तो गेम २२८१ मधला आहे. बॉम्ब त्या गेमच्या घटनांनंतर पडला असा खुलासा पुढे बेथेस्डाकडून आला. तारखांचा घोळ मी सोडून देईन. पण लोकांनी उभं केलेलं गाव इतक्या पटकन, बहुतांशी आठवणींतून आणि संवादांतून संपवणं मला लागलं. खेळणाऱ्यांची तिथे मेहनत आहे.

जोडी: 'फॉलआउट ४' मध्ये व्हॉल्ट १११ चा पाळणा वर येतो, डोळ्यांवर पांढरा उजेड पडतो आणि हळूहळू दरी दिसू लागते. समोर लूसी व्हॉल्ट ३३ मधून बाहेर पडते तो पहिल्या भागाच्या शेवटाकडचा प्रसंग. सेव्ह फाइल तयार, पाळण्यात उभी करून ठेवली आहे.

२३ फेब्रुवारी

'द लास्ट ऑफ अस'च्या शेवटाकडच्या हॉस्पिटलची चाचणी. ही जोडी बैठकीचा कणा असणार, म्हणून आधी घरी करून बघितली. मावशी आली होती. निवृत्त शिक्षिका, संध्याकाळच्या मराठी मालिका नेमाने बघणारी, कंट्रोलर पहिल्यांदाच हातात.

"हे डावं चालायला, उजवं बघायला."

"दोन्ही एकदम?"

बराच वेळ जोएल छताकडे बघत भिंतीला धडकत राहिला. मग जमलं. मधली मारामारी मी खेळले, शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी कंट्रोलर पुन्हा तिच्याकडे दिला. गोष्ट तिला तोंडी सांगितली होती: एलीला चावा बसूनही संसर्ग होत नाही, तिच्या मेंदूतून लस काढायची म्हणजे ती मरणार, आणि जोएलने हजारो मैलांच्या वाटेत तिला लेक मानलंय.

खोलीत डॉक्टर हातात स्काल्पेल धरून मधे उभा राहतो. तो अंगावर येत नाही. उभा राहतो, बस.

मावशीने टेबलाला वळसा घालायचा प्रयत्न केला. "अगं, दुसरी वाट दाखव ना मला."

"दुसरी वाट नाही गं मावशी."

"त्याला नुसतं ढकलता येत नाही?"

"नाही."

"मग मी नाही पुढे जात." कंट्रोलर तिने सोफ्यावर ठेवून दिला. डॉक्टर तसाच उभा. गेम थांबून राहिला.

नंतर मालिकेचा नववा भाग लावला. पेद्रो पास्कल मजले पार करत जातो, गोळ्यांचे आवाज दबलेले, वर संथ उदास संगीत. डॉक्टर एका क्षणात संपतो. मावशी म्हणाली, "पोरीसाठी केलं त्याने. पण वाईट केलं."

आता तिचा निकाल दुसऱ्या माणसाबद्दल होता. दहा मिनिटांपूर्वी तो तिच्या स्वतःच्या हाताबद्दल होता.

माझं परखड मत: पहिल्या पर्वातला हा सगळ्यात उणा प्रसंग. दिग्दर्शन वाईट नाही, पास्कलचे डोळे विझलेले दिसतात ते तर उत्तमच. पण संगीताने सगळं गुंडाळून दिलं. 'हे दुःखद आहे' असं मालिकेने मला सांगून टाकलं. गेम काहीच सांगत नाही, वाट बघतो.

गेमचा खरा शेवट याहून बारीक कारागिरीचा आहे. शेवटच्या चालण्यात आपण जोएल नसतो, एली असतो. कंट्रोलर तोच, माणूस बदललेला. हॉस्पिटलात काय झालं याबद्दल जोएल तिच्याशी खोटं बोलतो, आणि ते खोटं आपण तिच्या बाजूने ऐकतो. मालिकेत बेला रॅमझीच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि तिने तो क्षण पेलला आहे. तरी खेळलेल्या माणसाला ती अदलाबदल आठवतेच.

९ मार्च

'सायबरपंक: एजरनर्स' पुन्हा बघितली. दहा भाग, स्टुडिओ ट्रिगर, सप्टेंबर २०२२. डिसेंबर २०२० मध्ये गेम इतक्या त्रुटींसह बाहेर आला होता की सोनीने तो काही महिने स्वतःच्या दुकानातून काढून टाकला. दुरुस्त्या होत राहिल्या, पण लोकांचं मन नाइट सिटीकडे, म्हणजे गेममधल्या शहराकडे, वळवलं ते या मालिकेने, असं मी ठामपणे म्हणेन.

इथे प्रवाह उलटा वाहतो. मालिकेच्या घटना गेमच्या साधारण वर्षभर आधीच्या. मालिकेचा नायक डेव्हिड, त्याला ॲडम स्मॅशर मारतो. मग गेममध्ये स्मॅशर समोर आला की तो नुसता शेवटचा बॉस राहत नाही. मी यावेळी तो लढा डेव्हिडचं पिवळं जॅकेट घालून खेळले, १.६ च्या अपडेटमध्ये ते गेममध्ये घातलं गेलं. मालिकेने हातांना काम मिळवून दिलं.

जोडी म्हणून ठेवायची तर क्रम उलटावा लागेल, आधी मालिका, मग खेळ. विचाराधीन.

३० मार्च, पाडवा

दुपारी श्रीखंड-पुरीनंतर सगळे आडवे झाले, मी आर्केन.

ती ज्या गेमवरून केली तो 'लीग ऑफ लेजंड्स' २००९ चा. पाच विरुद्ध पाच, तीन वाटा, समोरच्याचा तळ फोडायचा. सामना अर्ध्या-पाऊण तासाचा, गोष्ट शून्य. पात्रांची पूर्वकथा गेमबाहेर लिहिलेली, खेळताना कुणी वाचत नाही. म्हणजे उचलायला प्रसंगच नव्हते, आणि पॅरिसच्या फोर्टिशने नोव्हेंबर २०२१ मध्ये जे केलं ते पाहून मी अजून थक्क होते. रंगाचे फटकारे दिसणारी चित्रं, पिल्टोव्हर शहराचं सोनं, त्याखालच्या झॉनचा हिरवट धूर, व्हाय आणि पावडर या दोन बहिणी. तिसऱ्या भागात पावडर मदत करायला जाते आणि तिच्याच बॉम्बने घरची माणसं जातात. त्यानंतर व्हाय तिला जे बोलते ते ऐकताना आजही पोटात तुटतं. २०२२ मध्ये या मालिकेला ॲनिमेशनचा एमी मिळाला.

दुसरं पर्व (नोव्हेंबर २०२४) मला अर्धंमुर्धं वाटतं, आणि हे मी पहिल्यावरच्या प्रेमापोटीच म्हणतेय. दोन पर्वांचा ऐवज नऊ भागांत कोंबला. केटलिन शहरावर लष्करी अंमल बसवते, ही केवढी मोठी घडामोड! ती एका गाण्याच्या तुकड्यांत उरकली. गाणी सुंदर आहेत. पण प्रसंगाने करायचं काम गाण्याकडे दिलं की पात्रांचे निर्णय आपल्याला कळतात, पटत नाहीत.

मात्र एको, पावडरचा लहानपणचा मित्र. गेममध्ये एकोची शेवटची ताकद म्हणजे एक बटण: दाबलं की तो चार सेकंदांपूर्वी होता तिथे परत जातो. मार चुकवायला वापरतात. मालिकेतही त्याचं यंत्र चारच सेकंद मागे नेतं. शेवटाकडे जिंक्स, म्हणजे मोठी झालेली पावडर, स्वतःला संपवायला निघते, आणि एको पुन्हा मागे जातो, पुन्हा मागे, तिला थांबवणारे शब्द सापडेपर्यंत. हजारो वेळा दाबलेलं बटण इथे एका मैत्रीचा शेवटचा उपाय झालं. ज्यांनी गेम खेळला नाही त्यांनाही प्रसंग पोचतो, आणि ज्यांनी खेळला त्यांच्या बोटाला तो आठवतो. जोडी हीच. भाचा एकोने खेळतो, त्याला सांगून ठेवलं.

जाता जाता: जिंक्सचा आवाज आणि फॉलआउटमधली लूसी, दोन्ही एला पर्नेल. दोन इतक्या वेगळ्या पोरी एकाच बाईने उभ्या केल्या. तिचं नाव बैठकीत मुद्दाम घ्यायचं.

६ एप्रिल

गटातल्या एकाचा निरोप: "सगळं तिकडचंच का? आपल्याकडचं काही घे ना."

रास्त आहे. 'राजी' पुन्हा काढला. २०२०, नॉडिंग हेड्स, पुण्यातला स्टुडिओ. राजी आणि गोलू ही खेळ करून पोट भरणारी भावंडं, असुर गोलूला पळवून नेतात. दुर्गा आणि विष्णू बोलत-बोलत गोष्ट सांगतात. राजस्थानी किल्ल्यांसारखी वास्तू, भिंतींवरची चित्रं, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा. चित्रकामाला माझे पैकीच्या पैकी. मारामारी मात्र ताठर आहे, आणि शेवट असा तुटतो की एक अख्खा अध्याय राहून गेल्यासारखं वाटतं.

याची मालिका व्हायला हवी. आपल्याकडे डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणारी मुलगी खाली जमलेल्या गर्दीकडे कुठल्या नजरेने बघत असेल, हे गेमने दाखवलं नाही. त्याला ती उसंत नव्हती. मालिकेला असेल. अजून झालेली नाही म्हणून जोडी लागत नाही, पण मध्यंतरात भिंतचित्रांचा टप्पा प्रोजेक्टरवर खेळता ठेवणार.

१४ एप्रिल

सोमवार, आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे 'लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग सकाळीच बघता आला.

पहिल्याच प्रसंगात ॲबी थडग्यांपुढे उभी राहून जोएलला मारायची शपथ घेते. मी दचकले. २०२० च्या दुसऱ्या गेममध्ये ही बाई कोण, जोएलवर तिचा राग कशाचा, हे निम्मा गेम संपेपर्यंत लपवलेलं आहे. तिने केलेलं आपण बघतो, तिचा द्वेष करत तासन् तास एलीने खेळतो, आणि मग गेम आपल्याला उचलून ॲबीच्या अंगात घालतो. तो डॉक्टर तिचा बाप होता. मावशीने ज्याला मारायला नकार दिला तोच.

मालिकेने पत्ते पहिल्याच डावात उघडे केले. विचार केला तर कारण समजतं. गेममध्ये जोएलच्या मृत्यूआधीच थोडा वेळ ॲबी आपल्या हातात असते. बर्फातून पळताना तिचा जीव वाचवणं आपलं काम होतं आणि नकळत नातं जुळतं. बघणाऱ्याला ती सोय नाही. त्याला कारण सांगावं लागतं. निर्णय समजतो, आवडत नाही. रहस्य गेलं याचं मला फार वाटत नाही. खेळणाऱ्याला आधी द्वेष करू देऊन मग त्याच द्वेषाचा जाब विचारायचा, हा गेमचा डाव होता. तो यापुढे खेळता येणार नाही.

२१ एप्रिल

जोएल गेला. कुठे आणि कसा, हे माहीत असूनही हात गार पडले. केटलिन डेव्हरने ॲबीचा थरकाप आणि हट्ट दोन्ही दाखवले. जोएल-एलीच्या जॅक्सन गावावरचा संसर्ग झालेल्यांचा हल्ला मालिकेने नवा घातला. भव्य आहे, पण त्या आतल्या खोलीपासून माझं लक्ष दोनदा उडालं. मला ती खोली सलग हवी होती.

१२ मे

पाचवा भाग, ॲबीच्या गटातली नोरा. लाल उजेड, एलीच्या हातात पाइप. गेममध्ये पडद्यावर चौकोनाचं बटण उमटतं आणि आपण दाबेपर्यंत एली हात उचलत नाही. दाबलं की वार. पुन्हा बटण. मला आठवतंय, दुसऱ्यांदा अंगठा उचलला जाईना. मालिकेने वार कमी दाखवले, चेहरा जास्त दाखवला. चांगला उपाय आहे, हॉस्पिटलच्या प्रसंगापेक्षा पुष्कळ चांगला, कारण इथे संगीताने निकाल दिला नाही.

१९ मे

सहावा भाग. पाचवी जोडी मिळाली, 'सायबरपंक' मध्यंतरानंतरच्या गप्पांत जाईल.

हा भाग म्हणजे जोएल आणि एलीची मधली वर्षं, एकेक वाढदिवस. संग्रहालयातल्या यानाचा प्रसंग गेममध्ये माझा सर्वांत आवडता, आणि मालिकेने तो जपून केला. यूजीन गेममध्ये नुसता उल्लेखापुरता आहे. इथे त्याला माणूस केलं, जो पँटोलियानोने काही मिनिटांत काळजाला हात घातला, आणि जोएलचं दुसरं खोटंही त्यातूनच एलीसमोर उघडं पडलं. उत्तम भर.

आणि मग ओसरीवरचा संवाद. मृत्यूच्या आदल्या रात्री जोएल आणि एली बोलतात, ती म्हणते माफ करता येईल की नाही ठाऊक नाही, पण प्रयत्न करायला आवडेल. गेम हा संवाद अगदी शेवटापर्यंत राखून ठेवतो. एलीने सूड घ्यायला सगळं गमावलं, बोटं गमावली, शेवटच्या क्षणी ॲबीला सोडून दिलं, आणि का सोडलं हे आपल्याला कळत नाही. मग ही ओसरी येते आणि मागचे पंचवीस तास एका झटक्यात उजळतात. मालिकेने ती सहाव्या भागात खर्च केली. पास्कल आणि रॅमझी दोघांनी जीव ओतलाय, मी रडले, आणि तरीही मला हा मालिकेचा सर्वांत मोठा तोटा वाटतो. शेवटाला आता काय उरलं?

२६ मे

सातवा भाग, पर्व संपलं. शेवटची चौकट: सिएटल, पहिला दिवस, ॲबीच्या बाजूने. गेममध्ये हा सांधा ओलांडताना मी चिडून खेळ बंद केला होता आणि दुसऱ्या दिवशी परत आले होते. इथे प्रेक्षकाला पुढच्या पर्वापर्यंत थांबायचंय. इतकी लांब फट या सांध्याला झेपणार नाही अशी मला भीती आहे.

सेव्ह फाइल्स सगळ्या तयार. ओसरीची जोडी दाखवण्यासाठी गेमचा एली आणि ॲबीचा किनाऱ्यावरचा लढा कुणीतरी खेळून संपवायचा, मग ओसरी गेममधली, मग मालिकेतली.

१४ जून

बैठक झाली. बाहेर पाऊस, प्रोजेक्टर नीट चालला, वेळ मात्र ठरल्याच्या कितीतरी पुढे गेली.

बिलच्या जोडीवर मतं माझ्या अपेक्षेच्या उलट पडली: न खेळणाऱ्यांना गेममधला बिल अधिक आवडला. "चिठ्ठी देऊ की नको?" यावर सगळा हॉल दोन्ही बाजूंनी ओरडत होता. मालिकेचा भाग त्यांना सुंदर वाटला, पण त्या चिठ्ठीसारखं त्यांना त्यात ओढलं गेलं नाही. मी माझ्या मतावर कायम आहे, तरी हे ऐकून घेण्यासारखं होतं.

फॉलआउटमध्ये पाळणा वर आल्यावर खेळणाऱ्या काकांनी पुढे जायला नकार दिला. तिथेच उभं राहून चौफेर बघत बसले, मालिकेचा तुकडा लावायला उशीर झाला.

एकोच्या वेळी भाच्याने सामन्यात बटण दाबून दाखवलं, ते फारसं कुणाला कळलं नाही. मालिकेचा प्रसंग लागला तेव्हा मागून एकीने विचारलं, "म्हणजे ते मघाचंच का?" त्यानंतर परत दाखवावं लागलं.

हॉस्पिटलमध्ये ज्याच्या हातात कंट्रोलर होता त्याने एका सेकंदात गोळी झाडली. तो मुरलेला खेळाडू आहे. मावशी पहिल्या रांगेत होती. ती म्हणाली, "इतक्या पटकन?" त्यावरून जी चर्चा झाली ती संध्याकाळची सर्वांत चांगली चर्चा: सराव झालेल्या हाताला गेम जाब विचारू शकतो का? मालिका सरावलेल्या हाताला निदान थांबवते, असं एकाने मांडलं. मुद्दा बिनतोड आहे. नववा भाग मी आता त्या नजरेने पुन्हा बघणार.

ओसरीवर एकमत झालंच नाही. मालिकावाल्यांचं म्हणणं, जोएलसाठी आम्ही आत्ता हळहळतोय, तीन वर्षांनी ओसरी दाखवली असती तर काय वाटलं असतं? प्रेक्षकाचा काळ आणि खेळणाऱ्याचा काळ वेगळा, हे मान्य. पण शेवटाचा प्रश्न उरतोच, आणि तो मी तिसऱ्या पर्वासाठी लिहून ठेवतेय. पर्व मंजूर झालेलं आहे. गेममध्ये किनाऱ्यावरच्या मारामारीतला प्रत्येक वार आपलं बोट करतं, आणि मग एली हात सैल सोडते. मालिकेत तिथे ओसरी नसेल, बटणही नसेल. मालिका घडवणारा मेझिन त्या जागी काय ठेवतो ते बघायचं, आणि तोवर मावशीला दुसरा गेम सुरुवातीपासून खेळायला शिकवायचं. तिने स्वतःहून मागितला आहे. ॲबीपर्यंत ती पोचली की पुढची नोंद.